साधन घडवणारा गणित-शिक्षक

प्रस्तावना

२४० मिलिमीटर लांबीची एमडीएफची पट्टी लेसर कटरवर ठेवून तिचे बारा समान तुकडे करायचे, तर अकरा काप द्यावे लागतात. प्रत्येक कापात लेसरचा किरण थोडे लाकूड जाळतो. ती फट साधारण ०.२ मिलिमीटरची असते, म्हणजे एकूण २.२ मिलिमीटर लाकूड धुरात जाते. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्टीचे चार तुकडे करायला तीनच काप पुरतात आणि ०.६ मिलिमीटर लाकूड जाते. आता पहिल्या पट्टीतले तीन तुकडे ओळीने लावा आणि शेजारी दुसऱ्या पट्टीचा एक तुकडा ठेवा. दोन्हीकडे पाव भागच आहे, पण टोके ०.४ मिलिमीटरने जुळत नाहीत. चौथीतल्या मुलाच्या बोटाला एवढा फरक लागतो. "बाई, हे सारखे नाहीत," असे ते म्हणेल, आणि ते खरेच बोलत असेल.

अपूर्णांकांची ही पेटी बनवणाऱ्या छात्राध्यापिकेला आता निर्णय घ्यावा लागतो. फटीचा हिशेब धरून प्रत्येक तुकडा वेगळा आखावा, म्हणजे तीन छेद बारा आणि एक छेद चार डोळ्यांना आणि बोटांना सारखे लागतील? की फरक तसाच ठेवून मुलांशी मोजमापाबद्दल बोलावे? पहिला मार्ग धरला तरी मनात एक प्रश्न उरतोच: लाकडाचे तुकडे नेमके जुळले म्हणून दोन अपूर्णांक सममूल्य ठरतात, की अपूर्णांक सममूल्य आहेत हे आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे आपण तुकडे जुळवून घेतो? बी.एड.च्या दोन वर्षांत गणित अध्यापन पद्धतीचे सगळे तास बसूनही हा प्रश्न एखाद्याला कधीच पडत नाही. पट्टी कापायला घेतली की तो पहिल्या दुपारीच समोर येतो.

हे पुस्तक त्या दुपारीविषयी आहे. ते यंत्रांची ओळख करून देते, पण यंत्रांसाठी ते लिहिलेले नाही. उद्या गणित शिकवणाऱ्या माणसाने एखादे साधन स्वतः आखले, घडवले, मुलाच्या हाती दिले आणि त्या मुलाने जे केले ते पाहून पुन्हा बदलले, तर त्याचे स्वतःचे गणित पक्के होते आणि मुलाच्या विचाराकडे बघण्याची त्याची नजर बदलते, अशी या पुस्तकामागची धारणा आहे. माझीही तीच आहे.

डिजिटल फॅब्रिकेशन म्हणजे संगणकावर आखलेली आकृती यंत्राकडून प्रत्यक्ष वस्तूत उतरवणे. त्यात कागद आणि पुठ्ठा कापणारे छोटे कटर येतात, लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापणारे लेसर कटर येतात, प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवणारे थ्रीडी प्रिंटर येतात, आणि लाकूड किंवा धातू कोरणारी राउटर यंत्रेही येतात. शाळेपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः पहिले तीन प्रकार. साधा थ्रीडी प्रिंटर आज मध्यम दर्जाच्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतो. त्याच्या तोंडाचे छिद्र बहुधा ०.४ मिलिमीटरचे असते, एकेक थर ०.२ मिलिमीटरच्या आसपास, आणि पीएलए नावाचे प्लॅस्टिक सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवून ते ओतले जाते. आकृती आखायला टिंकरकॅड, ओपनस्कॅड, जिओजेब्रा यांसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत.

या प्रक्रियेच्या पोटात किती गणित दडले आहे, हे सहज ध्यानात येत नाही. प्रिंटरला मिळणाऱ्या सूचना म्हणजे निर्देशकांची लांबच लांब यादी: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत जा, जाताना एवढा धागा सोड. वस्तूचा पृष्ठभाग संगणकात त्रिकोणांच्या जाळीच्या रूपात साठवलेला असतो. छापण्याआधी त्या वस्तूचे आडवे पातळ काप केले जातात, आणि घनफळ म्हणजे कापांच्या क्षेत्रफळांची बेरीज हा कॅव्हालिएरीच्या तत्त्वामागचा विचार डोळ्यांसमोर चालू लागतो. घनाची बाजू दुप्पट केली आणि तो भरीव छापला, तर प्लॅस्टिक आठपट लागते. हे सूत्र पाठ असलेला विद्यार्थीसुद्धा धाग्याचे रीळ संपू लागले की पहिल्यांदा चपापतो.

एक उदाहरण थोडे तपशिलात सांगतो, कारण ते मला फार मोलाचे वाटते. ओपनस्कॅडमध्ये १० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ मागितले आणि आणखी काहीच सांगितले नाही, तर संगणक ३० बाजूंचा सुसम बहुभुज आखतो. बहुभुजाचे शिरोबिंदू वर्तुळावर असतात, पण बाजूंचे मध्यबिंदू केंद्रापासून ९.९४५ मिलिमीटरवरच राहतात, म्हणजे १० गुणिले ६ अंशांचा कोसाइन. असे भोक असलेली तबकडी छापली आणि त्यात ९.९७ मिलिमीटर त्रिज्येचा दांडा घालू पाहिला, तर तो आखणीतच अडतो. छापताना प्लॅस्टिक पसरते, त्याची भर वेगळी. आता छात्राध्यापक बाजूंची संख्या वाढवतो: ६०, १००, २००. भोक गोल दिसू लागते, दांडा सरकू लागतो, तरीही ते वर्तुळ होत नाही. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजापर्यंत जाऊन परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला दोन्ही बाजूंनी कोंडले होते. बिघडलेल्या तबकडीमुळे तो विचार पुन्हा समोर उभा राहतो. जो शिक्षक या वाटेने गेला, तो नववी-दहावीच्या वर्गात पायची किंमत फळ्यावर लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळणार नाही.

वस्तू हाताळून गणित शिकण्याची परंपरा या यंत्रांपेक्षा फार जुनी आहे, आणि नव्याने या विषयाकडे येणाऱ्याने ती आधी समजून घ्यावी. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. पुढे तेच किंडरगार्टन झाले. त्याच्या 'भेटी', म्हणजे चेंडू, घन, वृत्तचिती आणि घनाचे कापून केलेले छोटे घन, यांच्यामागे त्याचा स्फटिकशास्त्राचा अभ्यास होता. बर्लिनमध्ये वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने काम केले होते. त्याच भेटींपैकी कागदाच्या घड्यांच्या भेटीवरून आपल्याकडच्या टी. सुंदर राव यांना एक पुस्तक सुचले. ते १८९३ मध्ये मद्रासला छापले गेले. नुसत्या घड्या घालून सुसम बहुभुज, श्रेढी आणि शंकुच्छेदांपर्यंत जाणारे ते पुस्तक फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाच्या नजरेस आले. त्याने आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला आणि तो उल्लेख वाचून दोन अमेरिकी प्राध्यापकांनी १९०१ मध्ये शिकागोहून त्याची नवी आवृत्ती काढली. भारतात तयार झालेले गणिताचे साधन पश्चिमेकडे गेल्याचे हे उदाहरण आपल्या अध्यापक महाविद्यालयांत क्वचितच सांगितले जाते.

क्लाइनचे नाव या पुस्तकात वारंवार येईल आणि ते योग्यच आहे. १८७० च्या दशकात म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्याने आणि अलेक्झांडर ब्रिल याने विद्यार्थ्यांकडून प्लास्टरची गणिती प्रारूपे करवून घेतली. ब्रिलच्या भावाने डार्मश्टाटमध्ये त्यांच्या प्रती विकायला सुरुवात केली. क्लेब्शचा पृष्ठभाग आणि त्यावरच्या सत्तावीस सरळ रेषा हाताने चाचपून पाहता येऊ लागल्या. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ही प्रारूपे मांडली गेली आणि अनेक विद्यापीठांनी ती विकत घेतली. गटिंगनच्या संग्रहात ती आजही आहेत. पुढे गणित अधिकाधिक अमूर्त झाले, आणि १९३० च्या दशकापर्यंत प्रारूपांचा व्यवसाय मंदावून बंद पडला. माझ्या दृष्टीने या कहाणीतला मोलाचा भाग अगदी सुरुवातीचा आहे, विद्यार्थी स्वतः गणित करून, मापे काढून प्रारूप घडवत होते तो. प्रारूपे कपाटात गेली तेव्हा त्यांचे शिकवणे संपले होते. क्लाइनने आणखी एक गोष्ट ओळखली होती. विद्यापीठात गेलेला तरुण शाळेचे गणित विसरतो आणि शिक्षक होऊन परतला की विद्यापीठाचे विसरतो. या दुहेरी तुटीवर उपाय म्हणून त्याने शिक्षकांसाठी व्याख्याने दिली आणि १९०८ पासून ती पुस्तकरूपाने आली.

विसाव्या शतकात शालेय साधनांची लाट आली. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या रंगीत कांड्यांवरचे पुस्तक १९५२ चे. कालेब गात्तेन्यो याने त्या जगभर नेल्या. झोल्टान डीन्झ याने वेगवेगळ्या पायांच्या संख्यापद्धतींसाठी ठोकळे केले. जेरोम ब्रूनरने कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन पातळ्यांवर आकलनाची मांडणी केली, आणि ती आज प्रत्येक बी.एड.च्या वहीत आहे. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला: सूत कातताना लांबी, वजन, वेळ आणि किंमत यांचे गणित आपोआप येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला माँटेसरी साधनांना गावातल्या वस्तूंचे रूप दिले. महागडी साधने आदिवासी पाड्यावर पोहोचणार नाहीत, हे ताराबाईंना दिसत होते. साधन कोणी बनवायचे, कशाचे बनवायचे आणि कोणासाठी, हे प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारले होते. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून घनाकृती उभ्या केल्या आणि पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ही रीत मराठी शिक्षकांपर्यंत पोहोचवली.

मग अडले कुठे? माझ्या मते, साधन शाळेत तयार पेटीतून येऊ लागले तेव्हा. सराव पाठासाठी तक्ते आणि थर्माकोलची प्रारूपे दुकानात तयार मिळतात, छात्राध्यापक ती विकत आणतो, निरीक्षक शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात गुण देतो आणि पाठ संपतो. आयते साधन आणणाऱ्याला ते तसेच का केले आहे हे कधी विचारावे लागत नाही. शंभराचा ठोकळा दहाच्या कांडीच्या दहापट का, घनाच्या घडणी अकराच का, याचे उत्तर पेटीच्या झाकणाखालीच राहते.

सेमूर पॅपर्टने नेमके इथेच बोट ठेवले. १९६७ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली, १९८० मध्ये 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिले, आणि पुढच्या लेखनात म्हटले की इतरांना दाखवता येईल अशी एखादी गोष्ट घडवताना माणूस सर्वांत चांगले शिकतो. या विचारधारेला रचनानिर्मितिवाद म्हणता येईल. पॅपर्ट शिकवत होता त्या अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये जवळजवळ काहीही बनवायला शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून फॅब लॅबची कल्पना निघाली. अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात उभी राहिली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला होता. शाळेत न टिकलेली मुले हाताने काम करताना उत्तम शिकतात, हा त्यांचा अनुभव होता. मराठी वाचकाने एवढे लक्षात ठेवावे की या जागतिक चळवळीचे एक मूळ शिरूर तालुक्यातल्या या पाबळमध्ये आहे, ते बाहेरून आणून लावलेले नाही. थ्रीडी प्रिंटर स्वस्त होण्याची कथाही याच दशकातली: इंग्लंडमध्ये एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणाऱ्या यंत्राचा खुला प्रकल्प सुरू केला, आणि धागा वितळवण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपल्यावर किमती झपाट्याने उतरल्या.

शिक्षक-प्रशिक्षणात ही यंत्रे कशी वापरावीत, याबद्दल आज अनेक मते आहेत. पॅपर्टच्या वाटेने जाणारे मुक्त निर्मितीवर भर देतात. त्यांच्यापैकीच पाउलो ब्लिकस्टाइन यांनी शाळांत फॅब लॅब नेल्या आणि धोक्याची सूचनाही दिली. मुलांना लेसर कटर दिला की ती देखण्या की-चेन काढत बसतात, कारण कष्ट थोडे आणि कौतुक मोठे असते. प्रशिक्षणातही हे घडते. नाव कोरलेली तबकडी छापून छात्राध्यापक खूश होतो, गणित मात्र तिथेच राहते.

फ्रान्समधल्या अभ्यासकांनी पिएर राबार्देल यांच्या विचारावर वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते वस्तू हातात आली म्हणून ती साधन होत नाही. ती वापरण्याच्या रीती माणसात घडत गेल्या की मगच वस्तूचे साधन होते. इटलीत मोदेना इथे मारिया बार्तोलिनी बुस्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वक्र काढणारी जुनी यंत्रे ग्रंथांवरून पुन्हा घडवली आणि वर्गात वस्तूपासून गणिती अर्थापर्यंत नेणारे काम शिक्षकच बोलण्यातून करतो, असे दाखवले. मला ही इटालियन वाट आपल्या वर्गांना सर्वांत जवळची वाटते, कारण त्यांच्या विचारात यंत्रापेक्षा शिक्षकाच्या प्रश्नाला अधिक वजन आहे.

तिसरा विचार शिक्षकाच्या ज्ञानाचा. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये सांगितले की विषय येणे आणि तो शिकवता येणे यांच्यामध्ये एक स्वतंत्र ज्ञान असते. डेबोरा बॉल यांनी ते गणितासाठी खोलवर उलगडले, आणि मिश्रा व केलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडले. लीपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकातले एक उदाहरण इथे सांगायलाच हवे. पावणेदोनला अर्ध्याने भागण्यासाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा, असे त्यांनी शिक्षकांना सांगितले. बहुतेक अमेरिकी शिक्षकांना ते जमले नाही. अनेकांनी दोनाने भागण्याचे उदाहरण केले. मराठीतही अर्ध्याने भागणे आणि अर्धे करणे यांत घोटाळा होतो, हे कोणताही सहावीचा शिक्षक सांगेल.

आता याच भागाकारासाठी साधन आखून पाहू. पावणेदोन एककांची पट्टी आणि अर्ध्या एककाचे माप. माप तीनदा ठेवले की पट्टीचा पाव एकक उरतो. मूल म्हणते, "सव्वातीन." त्याच्या हाती पाव तुकडा आहे, मग सव्वातीन का नाही? उत्तर साडेतीन आहे, कारण उरलेला तुकडा मूळ एककाचा पाव असला तरी मापाचा अर्धा आहे. पहिल्या नमुन्यात मापावर काहीच खूण नसेल तर मूल अडेल. दुसऱ्या नमुन्यात मापाच्या मध्यावर बारीक खाच कोरली तर उरलेला तुकडा खाचेला जाऊन लागेल आणि मूल थबकून विचार करील. खाच कोरावी की नाही, हा निर्णय गणिताचाही आहे आणि मुलाच्या मनाचाही. भागाकारात एकक बदलते, हे ज्याला स्वतःला उमगले नाही त्याला खाच कुठे हवी ते सुचणारच नाही. न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअर स्टेट विद्यापीठात स्टीव्हन ग्रीनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी भावी शिक्षकांकडून अशीच नवी साधने आखून, छापून, मुलांसोबत वापरून घेतली आणि त्या आखणीत शिक्षकाचे ज्ञान कसे उघड होते याचा अभ्यास केला. व्हर्जिनिया विद्यापीठात ग्लेन बुल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांसाठी जाड कागद कापणाऱ्या स्वस्त यंत्रांवर भर दिला. हाँगकाँगमध्ये ओई-लाम एन्ग यांनी थ्रीडी पेनचा उपयोग तपासला. ऑस्ट्रियात लिन्झ इथे जिओजेब्राच्या परिवारात पडद्यावरची आकृती आणि हातातली वस्तू यांची सांगड घातली जाते.

जर्मनीतल्या झीगेनच्या इंगो विट्झके आणि फ्रेडरिक डिलिंग यांनी फलांचे आलेख छापून अवकलजाची संकल्पना कशी घडते ते पाहिले, आणि त्यांचे एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. छापलेल्या वस्तूंवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी गणित हे त्या वस्तूंचेच शास्त्र होऊ शकते. मापून पाहिले, जुळले, म्हणून सिद्ध झाले. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश आहे, याला छापलेले शंभर त्रिकोणही सिद्धता देणार नाहीत. शिक्षकाला हा फरक ठाऊक नसेल तर साधन जितके नेमके, तितका गैरसमज पक्का.

आणखी आक्षेपही आहेत, आणि ते प्रामाणिकपणे ऐकायला हवेत. डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्येच बजावले होते की ठोकळ्यांत गणित भरलेले नसते. ज्याला संकल्पना ठाऊक आहे त्यालाच ते त्यांत दिसते. मुलाला एकच वस्तू खेळणे आणि चिन्ह अशी दोन्ही म्हणून पाहणे अवघड जाते, हे मानसशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, ठोस उदाहरणांतून शिकलेल्यांपेक्षा अमूर्त चिन्हांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांना तो नियम नव्या ठिकाणी अधिक चांगला लावता आला. प्लॅस्टिकचा कचरा होतो, वीज जाते, आणि एका वर्गाला पुरतील इतके ठोकळे छापायला प्रिंटर दिवसच्या दिवस घेतो. घडीचा कागद जे करू शकतो त्यासाठी प्रिंटर चालू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वृत्तचितीत शंकू तीनदा ओतून दाखवायचा असेल तर मात्र दोन्हींची त्रिज्या आणि उंची तंतोतंत सारखी हवी, आणि ते हाताने पुठ्ठ्यात साधत नाही. तिथे यंत्राने आपले काम करावे.

हे सारे आत्ताच का? अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातल्या दहा हजारांहून अधिक शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या. प्रत्येक शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे यंत्रे शाळेत पोहोचली आहेत. पण त्या खोलीत रोबोट आणि सेन्सर असतात, विज्ञानाचे शिक्षक असतात, गणिताचे सहसा नसतात. ज्या महाविद्यालयात गणित-शिक्षक तयार होतो तिथे तर असा प्रिंटर क्वचितच दिसतो. शाळेला साधन मिळाले आणि शिक्षकाला त्याची ओळख नाही, हा क्रम उलटा आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे आहे, आंतरवासिता वाढली आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही शिक्षकाची किमान पात्रता होणार आहे. त्या चार वर्षांत साधन घडवायला वेळ काढता येईल, मात्र तो आत्ताच मागून ठेवायला हवा. 'असर'च्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्शालाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. हे चित्र कोणतेही यंत्र बदलणार नाही. भागाकार म्हणजे काय हे खोलवर समजलेला शिक्षक ते बदलू शकतो.

पुस्तकाने म्हणूनच आपले क्षेत्र मुद्दाम आवळले आहे. रोबोट, सर्किट, कोडिंग स्पर्धा यांना इथे जागा नाही. संख्या, अपूर्णांक, क्षेत्रफळ, घनफळ, सममिती आणि फल एवढ्याच विषयांत ते राहते आणि बालभारतीच्या पुस्तकांतलीच परिभाषा वापरते, म्हणजे छात्राध्यापकाला वर्गात जाताना भाषा बदलावी लागणार नाही. सर्वांत आधी कागद आणि कात्री, मग कटर, मग प्रिंटर असा त्याचा चढ आहे. साधनाची पहिली आखणी आणि मुलांनी हाताळल्यानंतरची दुसरी आखणी शेजारी शेजारी ठेवून, दोन्हींमध्ये काय बदलले आणि का, हे ते विचारते. टाचणात उद्दिष्ट आणि कृती यांच्याबरोबर आखणीची कारणे लिहायला ते सांगते. परीक्षकांना हे सुरुवातीला अवघड जाईल, कारण देखणे साधन आणि चांगले साधन यांत फरक करायला वेळ लागतो. तरी तो वेळ द्यावा. पुस्तकात न सुटलेले प्रश्नही आहेत. सिद्धतेकडे वळताना वस्तू केव्हा बाजूला ठेवावी, यावर लेखकांत एकमत नाही, आणि ते मतभेद त्यांनी लपवलेले नाहीत.

वाचकाने हे पुस्तक सलग वाचण्याची गरज नाही. आपण शिकवत असलेला एखादा कठीण घटक निवडावा, त्या घटकाच्या आखणीपासून सुरुवात करावी आणि ती जशीच्या तशी न छापता आपल्या वर्गासाठी बदलावी. अध्यापक महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या जवळच्या ज्या शाळेत अटल लॅब आहे, तिच्या मुख्याध्यापकांना या सत्रात पत्र लिहा, छात्राध्यापकांसाठी आठवड्याच्या दोन तासिका मागा, आणि त्याच शाळेतली पाच-सहा मुले त्या वेळी सोबत असू द्या.